साम्राज्य लिहिताना देवांचं काय करायचं?

गेली कित्येक वर्षं मी मराठीत एक काल्पनिक साम्राज्य लिहिते आहे. त्याचं नाव मेरव. राजधानी डोंगरमाथ्यावर, फौज कडक शिस्तीची, राजदैवत तेजोराज. या मेरवाने तळखोरं नावाचा पाणथळ मुलूख जिंकला आणि तिथे त्याची गाठ ओलाईशी पडली. ओलाई ही भातखाचरातल्या चिखलाची देवी. तिला देऊळ नाही, पुजारी नाही. पेरणीआधी बांधावर मांडलेला एक दगड, एवढंच तिचं ठाणं. लढाया लिहिणं मला फार जड गेलं नाही. पण हे दोन देव एका मुलखात आल्यावर पुढच्या शंभर वर्षांत काय होतं, ते लिहिण्यासाठी खूप वाचावं लागलं, लेणी पालथी घालावी लागली, लोकांच्या ओसरीवर बसून ऐकावं लागलं. हल्ली लेखनशिबिरांत अद्भुतकथा लिहिणारी तरुण मंडळी भेटतात. त्यांच्या वह्यांत हमखास एक साम्राज्य असतं, एक क्रूर राजगुरू असतो आणि एक देऊळ जळतं. त्यांना जे सांगत आले, ते इथे मांडते आहे.

१. दिव्याच्या तेलाचा खर्च कोण देतो, ते आधी ठरवा

देवाचं रूप, आयुधं, मंत्र हे सगळं नंतर. आधी त्याचं उत्पन्न. नाशिकजवळ जोगलटेंभी इथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३ हजारांहून अधिक. नाणी सगळी क्षत्रप नहपानाची. पण त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर आपली खूण उमटवायची, हा विजेत्याचा स्वभाव झाला. आता कार्ल्याच्या लेण्यात या. नहपानाचा जावई उषवदात याने तिथल्या भिक्षूंना करजिक नावाचं गाव दिल्याचा लेख तिथे कोरलेला आहे. त्याच लेण्यात गौतमीपुत्राच्या सातवाहन घराण्याचाही लेख आहे, आणि त्यात तेच गाव पुन्हा भिक्षूंच्या नावे लावून दिलेलं आहे. नाण्यावरचा शत्रू चेपला, पण शत्रूने दिलेलं दान राखलं.

हे दोन पुरावे शेजारी ठेवले आणि मेरवाचा सुभेदार तळखोऱ्यात उतरतो त्या प्रकरणाचा कणा मला मिळाला. सुभेदार आल्या आल्या काही पाडत नाही. तो दप्तर उघडतो आणि कुठल्या देवाला कुठली जमीन लागली आहे, ते विचारतो. ओलाईच्या नावे जमीनच नाही, म्हणून तिची नोंद होत नाही. नोंद नाही म्हणून कर नाही आणि बंदीही नाही. पुढे दोन पिढ्या ती तगते ती यामुळे. ज्या देवांच्या नावे शेतं होती त्यांचे पुजारी मात्र वर्षभरात राजधानीची भाषा शिकतात. त्यांना दोष देऊ नका. त्यांच्या पोटाचा प्रश्न लिहा.

२. देवमंडळ हा तह असतो

परक्या भाषांतल्या अद्भुतकथांत मला सगळ्यांत उपयोगी पडलं ते एका व्हिडिओ गेममधलं साम्राज्य. ‘एल्डर स्क्रोल्स’ ही मालिका आपल्याकडची बरीच मुलं खेळतात. तिच्या पुराणात अलेसिया नावाची राणी आहे. एल्फ मालकांविरुद्ध उठलेल्या माणूस-गुलामांची ती पुढारी. युद्ध जिंकल्यावर तिच्यापुढे पेच येतो. तिचे लोक पिढ्यान् पिढ्या मालकांच्याच देवांना हात जोडत आलेले, आणि ज्यांच्या जोरावर ती जिंकली त्या उत्तरेकडच्या नॉर्ड दोस्तांना एल्फांच्या देवांचं नावही नको. मग ती दोन्हींकडचे देव एकत्र करून आठ देवांचं मंडळ बसवते. ही श्रद्धा एका राजकीय गरजेतून जन्मते, आणि काही पिढ्यांतच लोक तिच्यासाठी जीव द्यायला तयार होतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नव्या लेखकांना यांतली एकच खरी ठेवायची घाई असते: एक तर सगळे पुरोहित कारस्थानी, नाहीतर सगळे भक्त निर्मळ.

पुढे याच साम्राज्याचा एक संस्थापक टायबर सेप्टिम हा टालोस या नावाने नववा देव होतो. आणि २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये, एल्फांशी झालेल्या युद्धानंतरच्या तहात, साम्राज्य त्या टालोसची पूजा बंद करायला कबूल होतं. तहातून आलेलं मंडळ तहातच फुटतं. नॉर्ड लोक बंड करून उठतात. त्या बंडामागे देव किती आणि सत्तेची हाव किती, याचा निवाडा गेम खेळणाऱ्यावर सोडतो. हे मला फार मोलाचं वाटतं.

३. विजेताही विरघळतो

उषवदात शक होता. त्याच्या वडिलांचं नाव दीनीक. पण नाशिकच्या लेण्यांतले त्याचे लेख वाचा: ब्राह्मणांना गाईंचं दान, तीर्थांवर घाट, नद्यांवर फुकट उतारा आणि भिक्षूंसाठी लेणं. परमुलखातून आलेल्या घराण्याचा हा माणूस इथल्या सगळ्याच परंपरांत आपलं नाव नोंदवून ठेवतो. शकांच्याच दुसऱ्या घराण्यातला रुद्रदामन दुसऱ्या शतकात जुनागढला जो लेख कोरवतो, तो शुद्ध संस्कृतातल्या मोठ्या लेखांमध्ये सर्वांत जुना मानला जातो.

दुसरी बाजूही बघा. गौतमी बलश्री या राजमातेने नाशिकला आपल्या मुलाची जी प्रशस्ती कोरवली, तिच्यात गौतमीपुत्राने शक, यवन, पह्लवांचा नाश केला आणि चार वर्णांचा संकर थांबवला असा गौरव आहे. त्याच प्रशस्तीत तो अद्वितीय ब्राह्मण म्हणवला जातो, आणि लेख आहे बौद्ध भिक्षूंना दिलेल्या दानाचा. नंतरच्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी महाक्षत्रपाची, म्हणजे शकांची मुलगी होती, हे कान्हेरीच्या लेखातून कळतं. संकर थांबवल्याचा दगडी दाखला आणि शकांची सून, दोन्ही एकाच घराण्यात!

सम्राटाने जाहीर केलेलं शुद्धतेचं धोरण आणि त्याच्या माजघरातला व्यवहार यांत अंतर ठेवा. मेरवाचा तिसरा राजा तळखोऱ्यातल्या दाईच्या हातून जन्मतो. तिने त्याच्या कपाळाला चिखलाचं बोट लावलेलं आहे, आणि हे राजवाड्यात सर्वांना ठाऊक आहे.

४. बंदीचा हुकूम उलटा वाचा

हा धडा मला गोव्याने दिला. पोर्तुगिजांच्या गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० मध्ये सुरू झालं. त्यानंतर पावणेदोनशे वर्षं उलटल्यावर, १७३६ साली, धर्मांतरित कुटुंबांतल्या चालीरीती बंद करणारा एक लांबलचक हुकूम निघाला. त्यात काय काय आहे? लग्नात विडे-फुलं वाटू नका. वधूवरांच्या अंगाला हळद-तेल लावू नका. हिंदूंसारखा मिठाशिवाय भात शिजवू नका. दारात तुळस लावू नका. धोतर-चोळी नेसू नका. हुकूम काढणाऱ्याला वाटलं आपण बंदी घालतो आहोत. आज वाचणाऱ्याला त्यात त्या काळच्या घरांची खानेसुमारी मिळते. पाच-सहा पिढ्या चर्चमध्ये जाणारी माणसं घरी भात कसा शिजवत होती, हे त्या हुकमामुळेच कळतं. ज्या गोष्टीवर पुन्हा पुन्हा बंदी येते, ती गोष्ट चालू असते.

गोव्यातल्या कॅथलिक लग्नाला गेलात तर आदल्या दिवशीचा रोस बघा. नवऱ्या मुलाच्या, मुलीच्या अंगाला नारळाचं दूध लावतात, बायका गाणी म्हणतात. तिथल्या एका वयस्क बाईंना मी विचारलं, हे धर्मात बसतं का? त्या म्हणाल्या, आईने मला लावलं, मी मुलीला लावलं. यापलीकडे त्यांना उत्तराची गरज वाटली नाही. मलाही वाटली नाही.

तुमच्या साम्राज्याचे हुकूम असे लिहा. राजगुरूच्या भाषणापेक्षा बंदीची यादी वाचकाला जास्त सांगते. यादीत भात, मीठ, कापड, फुलं, गाणी असू द्या. यादी काढणाऱ्याने परक्यांच्या स्वयंपाकघरात किती बारकाईने डोकावलं आहे ते दिसू द्या, कारण जुलूम तिथे जाणवतो.

५. देऊळ पडतं, देव चालत निघतो

देऊळ जाळण्याचा प्रसंग मला वह्यांत सारखा भेटतो: ज्वाळा, किंकाळ्या, पडणारा कळस, आणि तिथेच त्या धर्माचा शेवट. मुळात काय घडू शकतं हे पाहायचं तर झुआरी नदी ओलांडणाऱ्या देवांची गोष्ट ऐका. साष्टीतली देवळं सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाडली जाऊ लागली, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा लोकांनी नदीपलीकडे अंत्रुज महालात नेली. तो मुलूख आदिलशाहीतला. म्हणजे कॅथलिक राजवटीतून निघालेल्या हिंदू देवांना आसरा मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या हद्दीत. एवढी गुंतागुंत कुठल्याही काल्पनिक साम्राज्यात घालायला लेखक कचरेल. इतिहास कचरला नाही. आज आपण मंगेशी आणि कवळे म्हणून जिथे जातो, ती त्या देवांची दुसरी घरं आहेत.

त्याच गोव्यात शिरगावची लईराई आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस सायबीण या सख्ख्या बहिणी, असं लोक मानतात. दोघींमध्ये तेला-फुलांची देवाणघेवाण आहे. सात बहिणींतली एक धर्म बदलून गेली तरी नातं तुटलं नाही, असं त्या कथेचं म्हणणं. कुठल्याही सम्राटाने हे ठरवलं नाही, कुठल्याही पुरोहिताने मंजुरी दिली नाही. मी ओलाईला बहीण दिली ती ही कथा ऐकल्यावरच.

आणि एकच साम्राज्य दोनशे वर्षं सारखं वागत नाही, हेही तिथेच शिकले. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण राशोलला छापलं गेलं, मराठी ओवीत, इथल्या पुराणांच्या घाटात. १६८४ मध्ये त्याच राजवटीच्या व्हाइसरॉयने लोकांची बोलीच सोडायला लावणारा हुकूम काढला. आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फोंडा महाल, म्हणजे तोच अंत्रुज, पोर्तुगिजांकडे आला तेव्हा तिथल्या देवळांना हात न लावण्याचं वचन दिलं गेलं. एक काळ ओवी लिहितो, दुसरा बोली बंद करतो, तिसरा थकून तडजोड करतो. तुमच्या साम्राज्यालाही वय असू द्या.

६. लहान मुलांकडे बघा

या मुद्द्यापाशी मी सगळ्यांत जास्त रेंगाळते, आणि शिबिरांतही रेंगाळते.

उर्सुला ले ग्विनच्या ‘द टूम्ब्ज ऑफ आटुआन’ (१९७१) या कादंबरीत कारगाड साम्राज्य आहे. तिथे एका मेलेल्या पुजारिणीचा पुनर्जन्म म्हणून टेनार नावाची पाच वर्षांची मुलगी घरातून नेली जाते. तिचं नाव काढून घेतात. तेव्हापासून ती अऱ्हा. ज्या अनाम शक्तींची ती पुजारीण, त्यांचं पुरातन सभागृह पडझडीला आलेलं. शेजारी देवराजाचं नवं देऊळ राखलेलं, कारण देवराजा म्हणजे सिंहासनावरचा माणूस. जुना धर्म कुणी मोडलेला नाही. त्याला नुसतं छप्पर शाकारायला पैसे मिळत नाहीत. आणि त्या उपेक्षित धर्मासाठी एक मूल मात्र पुरतं खर्ची पडतं. देवराजाची पुजारीण कोसिल हिचा जुन्या शक्तींवर विश्वास नाही. पण सत्ता तिला कळते. मला या पुस्तकातलं सगळ्यांत भयंकर पात्र तीच वाटते.

ले ग्विनचे वडील आल्फ्रेड क्रोबर मानववंशशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ नावाच्या जमातीतला शेवटचा माणूस १९११ मध्ये गोऱ्यांच्या वस्तीत आला, तेव्हा त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांत ते होते. त्या माणसाने आपलं खरं नाव शेवटपर्यंत सांगितलं नाही. जग त्याला इशी म्हणून ओळखतं ते क्रोबर यांनी दिलेल्या नावाने. १९१६ मध्ये तो वारला. ले ग्विनच्या आईने, थिओडोरा क्रोबर यांनी, त्याच्यावर १९६१ मध्ये पुस्तक लिहिलं. ज्या घरात ही आठवण होती, त्या घरातल्या लेखिकेने नाव हिरावलेल्या मुलीची कथा लिहिली. यापुढे मी काही जोडत नाही.

सेथ डिकिन्सनच्या ‘द ट्रेटर बारू कॉर्मोरंट’ (२०१५) मध्ये तर तलवारही फारशी लागत नाही. बारू एका बेटावरची मुलगी, तिला एक आई आणि दोन बाप आहेत. तिथे कुटुंबं अशीच असतात. साम्राज्य येतं ते व्यापार घेऊन. मग कागदी पैसा, मग साथीचा रोग, मग शाळा. शाळेत शिकवलं जातं की तुमच्यासारखी कुटुंबं म्हणजे अस्वच्छता, पाप. बारू हुशार आहे, हिशेबात तरबेज आहे, शाळेवर तिचं प्रेमही आहे. आपल्या घराची लाज वाटायला शिकलेली हुशार मुलगी, हे पात्र वाचकाला लगेच ओळखू येतं. प्रमाण मराठी बोलायला शिकताना ज्यांना घरच्या बोलीची लाज वाटली, अशी माणसं माझ्या प्रत्येक शिबिरात असतात. ते बोलायला लागले की वर्ग शांत होतो.

कल्पनेबाहेरही हेच. जपानी राजवटीने कोरियात शाळकरी मुलांना शिंतो देवळांत नमस्काराला नेलं आणि १९४० पासून कोरियन कुटुंबांना जपानी धाटणीची आडनावं घ्यायला लावली. मंदिर, शाळा आणि हजेरीपट तिथे एकाच कामाला लागले होते.

७. सगळं टिकत नाही. काय टिकतं ते निवडा

कोकणातले बेने इस्राएल ज्यू याचं उत्तम उदाहरण. त्यांच्यावर कुणी धर्म लादला नव्हता. ते तेलाचे घाणे चालवत, मराठी बोलत, गावावरून आडनावं लावत. धर्मग्रंथांची भाषा त्यांच्यातून जवळजवळ गेली होती. पण शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. सुंता राहिली, खाण्याचे काही नियम राहिले, शेमा ही प्रार्थना राहिली. एलियाहू प्रेषिताच्या नावाने मालिदा राहिला. एवढ्या चार धाग्यांवर एक समाज शतकानुशतकं उभा राहिला. तुमच्या पात्रांनाही सगळा धर्म आठवू नये. चार गोष्टी आठवाव्यात, आणि त्या कशासाठी करतो हे विचारलं तर त्यांनी वेगवेगळी कारणं सांगावीत.

८. पंगत कोणाची, ते विसरू नका

साम्राज्य देव बदलतं, पण उतरंड क्वचितच बदलतं. गोव्यात धर्मांतरानंतरही बामण, चारडो, सुदीर हे जातिभेद राहिले. ‘एल्डर स्क्रोल्स’मधलाच ‘मोरोविंड’ (२००२) बघा: तो प्रांत तहाने साम्राज्यात येतो आणि आपला धर्म राखतो, त्याबरोबर गुलामगिरीही राखतो. सहिष्णुतेची किंमत तिथे गुलाम भरतात. शिवाय त्याच प्रांतात राखरानात भटकणाऱ्या टोळ्या आहेत. त्यांना प्रांतातले जिवंत देवही मान्य नाहीत आणि परका सम्राटही. जिंकलेल्यांच्या पोटात जिंकलेले असतात, आणि आपल्याला महाराष्ट्रात हे कुणी शिकवायला नको.

लेखक म्हणून मला समन्वयाची ओढ आहे. एकवीरेच्या पायऱ्या चढून गेल्यावर तिच्या देवळाशेजारीच कार्ल्याचं बौद्ध चैत्यगृह दिसतं, लेण्याद्रीला बौद्ध विहारात गिरिजात्मज बसलेला दिसतो, तेव्हा थरावर थर चढत गेलेल्या या भूमीबद्दल मनात माया दाटते. पण खालच्या थराला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न सोडता येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली एक बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचं नाकारते. मानाची जागा देऊन सामावून घेण्याला दिलेला हा नकार आहे. तुमच्या देवाला आमच्या देव्हाऱ्यात घेतो, यावर ‘नको’ म्हणण्याचा हक्क. जगभरच्या अद्भुतकथांत देव एक होतात, नाहीतर देव मरतात. ज्यांनी विचारपूर्वक, उघडपणे, आपल्या अटींवर बाहेर पडायचं ठरवलं अशा माणसांची अद्भुतकथा मी अजून मनासारखी वाचलेली नाही. मराठीत ती लिहिली जावी असं मला मनापासून वाटतं, कारण तिची सामग्री आपल्याकडे आहे.

म्हणून शिबिरातल्या मुलामुलींना शेवटी एकच मागणं करते. तुमच्या साम्राज्यात एक तरी माणूस असा ठेवा, जो राजाच्या देव्हाऱ्यातली मानाची जागा नाकारतो. त्याला हुतात्मा करू नका. त्याला घर द्या, मुलं द्या, शेजारी द्या, आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानापर्यंत जगू द्या.